कुलूप कोणापासून?

क्रिप्टोग्राफी आणि माहिती सुरक्षा हा विषय आता विद्यापीठात संगणकाच्या मुलामुलींना शिकवला जातो. क्रिप्टोग्राफी म्हणजे ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यालाच वाचता येईल अशा रीतीने निरोप लिहिण्याचे शास्त्र. नाव ऐकूनच आपल्यापैकी बऱ्याचजणी पान उलटतील. बँका, लष्कर आणि इंजिनिअर यांचे हे काम, आपला काय संबंध? माझे म्हणणे असे, की हा विषय आपलाही आहे. तो आपण शिकला पाहिजे, आणि शिकता शिकता त्यातली एक मूळ समजूत बदलायलाही लावली पाहिजे.

विषय तसा परका नाही. शाळेत आपण च-ची भाषा बोललो आहोत. 'मला' म्हणायचे तर 'चलाम'. मोठ्यांना कळू नये एवढाच हेतू. पण एकीने युक्ती फोडली की साऱ्यांचीच गुपिते उघडी पडत. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी निरोपांबद्दल नेमके हेच बजावले होते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित राहावी ती फक्त किल्ली. आजचे शास्त्र या नियमावर उभे आहे.

मग किल्ली असते कोणाजवळ? पाठ्यपुस्तकांत ॲलिस आणि बॉब अशी दोन पात्रे असतात. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांच्या १९७८ च्या निबंधात ही नावे आली आणि रूढ झाली. ॲलिसला बॉबकडे निरोप पाठवायचा असतो. मध्येच चोरून ऐकते ती ईव्ह. चोरून ऐकणाऱ्या पात्राला बाईचेच नाव का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे, की या गोष्टीत ॲलिस आणि बॉब यांचा एकमेकांवर विश्वास असतो आणि शत्रू बाहेर, वाटेत कुठेतरी कान लावून बसलेला असतो.

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांची गोष्ट अशी नसते. तिथे बॉबच ईव्ह असतो.

वाळूजच्या कारखान्यात काम करणारी एकजण आमच्याकडे येत असे. फोन नवऱ्याने घेऊन दिलेला, ई-मेलचे खाते त्यानेच उघडलेले, पासवर्डही त्याचाच. ती केंद्रावर येऊन गेली की संध्याकाळी तो विचारी, "आज तिकडे कशाला गेली होतीस?" कुणी चुगली केली हे तिला कळेना. चुगली फोनच करत होता. दुसरीचे व्हॉट्सॲप दिराच्या संगणकाला जोडलेले होते, तिला पत्ताही नव्हता. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे संभाषण एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत कुलूपबंद जाते, कंपनीलाही मध्ये वाचता येत नाही. गणित चोख आहे. पण फोनच ज्याच्या ताब्यात, त्याला गणित काय अडवणार? झोपलेल्या बायकोचे बोट टेकवले की कुलूप उघडते.

या अभ्यासक्रमात सुरक्षेची तीन अंगे सांगतात: गोपनीयता, अबाधितता आणि उपलब्धता. त्यांना आपल्या कामाच्या कसोटीवर घासून पाहू.

गोपनीयतेचे वर आलेच. अबाधितता म्हणजे माहितीत कुणी फेरफार केलेला नाही याची खात्री. धमकीचा निरोप, मारहाणीनंतरचा फोटो, शिवीगाळीचे रेकॉर्डिंग हे आज आपले पुरावे आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यातच 'हॅश' लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइल एका ठरावीक गणितातून काढली की अक्षरे-आकड्यांची एक ओळ मिळते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सारी ओळ बदलते. पहिल्या वर्षाच्या मुलांना जे शिकवतात ते आता कोर्टाच्या कागदावर आले आहे. आपल्या कार्यकर्तीला ते ठाऊक नसेल, तर समोरचा वकील "फोटो बनावट आहे" म्हणेल तेव्हा ती काय उत्तर देणार?

उपलब्धता म्हणजे आपली माहिती गरजेला आपल्याला मिळणे. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागण्यात आला. विधवा आणि घटस्फोटितांसाठी पुढे कागदपत्रांची सोय झाली. पण नवऱ्याने टाकलेल्या, कोर्टाचा कागद हाती नसलेल्या परित्यक्तेने ओटीपी कोणाकडे मागायचा? सुरक्षेसाठी बनवलेले कुलूप, आणि किल्ली ज्याने घराबाहेर काढले त्याच्याच खिशात! ही व्यवस्था आखणाऱ्यांना तंत्र येत होते. घर कसे चालते हे त्यांनी विचारात घेतले नव्हते.

कायद्याचा आधार आहे, पण तो निसरडा आहे. बाईच्या इंटरनेट, ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि त्या कलमात नवऱ्याला सूट दिलेली नाही. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जोडीदाराचे चोरून केलेले रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असा निर्णय दिला. तो छळ सोसणाऱ्या बाईलाही उपयोगी पडेल हे खरे. पण घरातले फोन, त्यांचे पासवर्ड आणि दुरुस्तीचे दुकान कोणाच्या ओळखीचे असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

काहीजणी म्हणतील, हे तंत्रज्ञांवर सोपवू. मैत्रिणींनो, आपण वकील नव्हतो तरी १९८३ साली आलेले ४९८-अ कलम न् कलम शिकलो, खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवले. त्याच वर्षी बलात्कारित स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. त्यामागे १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार आणि त्यावरच्या निकालानंतर उठलेले आंदोलन होते. बाईची माहिती तिच्या ताब्यात राहावी हा आग्रह चळवळीने तेव्हाच धरला होता. एम. एस. डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला गोपनीयता हे व्यक्तिसहाय्य कार्याचे तत्त्व म्हणून शिकवले गेले. पण केस पेपर लोखंडी कपाटातून संगणकात गेल्यावर ते तत्त्व पाळायचे कसे, हे संगणकाच्या वर्गात शिकवतात.

त्या वर्गालाही आपल्याकडून शिकण्यासारखे आहे. फोनमध्ये पाळत ठेवणारे ॲप सापडले तर इंजिनिअर म्हणेल, लगेच काढून टाका. समुपदेशक म्हणेल, थांबा. पाळत तुटली हे त्याला कळताच मारहाण वाढू शकते. आधी तिच्या राहण्याची सोय, मग पुरावा जपणे, आणि शेवटी ॲप काढणे. नवा पासवर्ड ठेवायचा तर त्याच्या हाती कधी न लागलेल्या फोनवरून. हा क्रम पाठ्यपुस्तकात नाही, आपल्या अनुभवात आहे.

छत्रपती संभाजीनगरात, कालपर्यंतच्या औरंगाबादेत, यासाठी लांब जायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभाग आहे, आणि त्याच आवारात १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांच्या नावाचे स्त्री अभ्यास केंद्रही आहे. दोघांनी एकत्र बसावे. आपल्या मागण्या तीन असाव्यात. एक, कार्यकर्त्या, संरक्षण अधिकारी आणि पोलीस यांच्यासाठी आठ-दहा रविवारांचा, मराठीतला, परवडणारा अभ्यासक्रम. दोन, संगणकाच्या मूळ अभ्यासक्रमात 'घरातला हल्लेखोर' या विषयावर काही तास, आणि ते शिकवायला समुपदेशन केंद्रातल्या बायका. तीन, सरकारी योजनेचे नवे ॲप येण्याआधी ते परित्यक्ता, विधवा आणि एकट्या बाईच्या हातात देऊन तपासून पाहणे.

या मागण्यांचे निवेदन घेऊन आपण कुलगुरूंकडे जाऊ. आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि आपल्याकडे आलेले अनुभव, अर्थात नावगाव वगळून, लिहून आणा.