गच्चीवरची तालीम

यंदाच्या शिवजयंतीच्या बैठकीत मला पुन्हा तोच आग्रह झाला. "तुम्ही ती जपानी तलवारबाजी करता ना? मग दहा मिनिटं स्टेजवर दाखवा. नाहीतर पोरांचा एक वर्ग तरी घ्या." मी नाही म्हटलं. काहींना तो शिष्टपणा वाटला आणि एका वहिनींनी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा या वेळचं सदर त्या नकाराच्या खुलाशासाठी.

अरादला येण्याआधी मी नोकरीनिमित्त चार वर्षं जपानच्या चिबा प्रांतात होतो. तिथे एका जुन्या परंपरेत लाकडी तलवार शिकू लागलो. जपानमध्ये 1868 साली मेइजी राजवट सुरू झाली. त्याआधीच्या युद्धकलांच्या घराण्यांना 'कोर्यू' म्हणतात. ज्युदो 1882 चा, म्हणजे त्यामानाने नवा. त्यात स्पर्धा असतात, गुण असतात, रंगीत पट्टे असतात. कोर्यूत यातलं काही नाही. चिबातल्याच कातोरी देवस्थानाशी जोडलेली कातोरी शिंतो-र्यू ही परंपरा पंधराव्या शतकातली. तिला 1960 मध्ये प्रांताने सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. आपल्या गाण्याच्या घराण्यांसारखंच समजा. बंदिश ठरलेली, ती गुरूसमोर बसूनच घ्यायची आणि गुरूने सांगितल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही.

इथली बंदिश म्हणजे 'काता'. दोघांनी समोरासमोर उभं राहून ठरलेले वार आणि ठरलेले बचाव करायचे. मला सर्वांत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तलवारीच्या बहुतेक परंपरांमध्ये यातली हरणारी बाजू गुरूची असते. तो वार करतो, नेमक्या क्षणी जागा उघडी सोडतो आणि शिष्य जिंकतो. शिष्याला झेपेल त्याच्या किंचित पुढे त्याला खेचत राहायचं, हे गुरूचं काम. त्यासाठी जिंकणाऱ्यापेक्षा जास्त यावं लागतं.

अरादला आलो आणि जोडीदार संपला. बहरीनमध्ये माझ्या परंपरेतलं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. उरला तो एकट्याचा सराव. पहाटेची अजान झाली की गच्चीवर जायचं आणि वरून खाली येणारा एकच वार शंभर वेळा करायचा. उन्हाळ्यात त्या वेळीही हवा इतकी दमट असते की मूठ हातातून निसटते. विमानतळ शेजारीच, त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की मोजणी चुकते. चुकली की पुन्हा एकपासून. एकदा शेजारच्या गच्चीवरून बहरीनी आजोबांनी विचारलं, "अर्दा?" ढोलाच्या तालावर तलवारी घेऊन पुरुष जो नाच करतात, तो इथला अर्दा. मला मराठीतलं 'अर्धा' ऐकू आलं आणि मी मान डोलावली. चूक म्हणावी तर तशी चूकही नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आबा कोल्हापूरहून दोन महिने राहायला आले. वय 76. तरुणपणी ते तालमीत मर्दानी खेळ खेळायचे. लाठी, फरी-गदगा, थोडा दांडपट्टा. मी त्यातलं काहीच शिकलो नाही. आधी शाळा, मग क्लास, मग इंजिनियरिंग. "घरचं सोडून जपान्यांचं कशाला?" असं नातेवाईक विचारतात. आबांनी मात्र कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते शाल आणि माकडटोपी घालून वर आले. थोडा वेळ बघत राहिले. मग कोपऱ्यातल्या मॉपचा दांडा काढला.

"आरं, एकटा हवेला काय मारतोयस? ये हिकडं."

त्यांनी सावकाश माझ्या डोक्यावर दांडा आणला. मी तो अडवून आत शिरलो. त्यांची डावी बाजू उघडी होती, माझी तलवार बरगडीजवळ थांबली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी रेंगाळलो, तर दांडा माझ्या मनगटावर टेकलेला.

"आबा, डावी बाजू तुम्ही मुद्दाम उघडी ठेवताय."

"मग? न्हाई ठेवली तर तू शिकणार कसा? वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणत्यात. आधी तो किती मार खातो, ते कोण सांगत न्हाई."

चिबात जे चार वर्षांत समजलं, ते माझ्या घरातच होतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

नंतर लक्षात आलं की या दोन्ही कलांचं दैवही सारखंच आहे. जपानमध्ये 1876 च्या हुकुमाने चारचौघांत तलवार बाळगायला बंदी आली. आपल्याकडे इंग्रजांनी 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद केलं. दोन वर्षांच्या अंतराने दोन्हीकडच्या वस्तादांचं मूळ कामच संपलं. तरी तिकडे काही घराण्यांनी आणि इकडे कोल्हापूरच्या तालमींनी ते हातांत जिवंत ठेवलं. दांडपट्ट्याला 2024 मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. ती बातमी पाहून आबा म्हणाले होते, "मान झाला. आता मनगटं बघा."

आमच्या गच्चीवरून अरादचा किल्ला दिसतो. 1980 च्या दशकात त्याची डागडुजी झाली, ती मूळच्याच सामानाने: समुद्रातला प्रवाळ दगड, चुना, झाडांची खोडं. किल्ल्यासाठी असं सामान आणता येतं. आबांच्या मनगटात जे आहे ते कुठून आणणार? ते परत गेल्यावर आम्ही व्हिडिओ कॉलवर प्रयत्न केला. "हात असा," म्हणेपर्यंत चित्र गोठायचं. आणि गोठलं नाही तरी पडद्यावर दोघांमधलं अंतर कळत नाही. सगळा खेळ तर त्या अंतराचाच.

म्हणून जुलैच्या सुट्टीत लग्नं, दातांचे डॉक्टर आणि खरेदी बाजूला ठेवून तीन आठवडे कोल्हापुरात राहिलो. बाहेर पाऊस, पडवीत आम्ही. रोज सकाळी तासभर लाठी. अकरा वर्षांची लेकही उभी राहिली. तिला जपानी तलवार नकोच होती, आबांचीच लाठी हवी होती. पहिल्याच दिवशी आबांनी तिच्याकडून पोटरीवर फटका खाल्ला आणि घरभर लंगडत फिरून दाखवलं.

तर खुलासा असा. जपानी कला शिकवायची मला परवानगी नाही, आणि परवानगी असती तरी समोरच्याला जिंकू देण्याइतकी ती मला येत नाही. शिवजयंतीच्या समितीला मात्र एक निरोप आहे. आबा जानेवारीत पुन्हा येत आहेत. गुडघ्यांनी साथ दिली तर पोरांचा लाठीचा वर्ग ते घेतील. प्रत्येकाने घरून मॉपचा एक दांडा आणावा. मार खायला समोर मी उभा राहीन.