व्रताला संस्था लागते

प्राणिजन्य पदार्थ टाळणाऱ्यांच्या म्हणजे व्हीगन लोकांच्या ‘द व्हीगन सोसायटी’ या ब्रिटिश संस्थेविषयी लोकांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी सांगतं, तिची सूर्यफुलाची खूण पाकिटावर दिसली की मागची बारीक अक्षरं वाचत दुकानात ताटकळावं लागत नाही. कुणाला ती व्यापाऱ्यांना शिक्के विकणारी पेढी वाटते. काहींना तिथे सल्ला मिळाला, आधार मिळाला. काही जण मन कडू करून बाहेर पडले. हे सगळे अनुभव मी खरे धरतो. मात्र त्यांतून हल्ली जो निष्कर्ष काढला जातो, की प्राणिजन्य पदार्थ सोडणं ही खासगी बाब आहे, ज्याला पाळायचं तो घरच्या घरी पाळेल, त्यासाठी देणग्या गोळा करणारी संस्था कशाला हवी, तो मला साफ चुकीचा वाटतो.

घरच्या घरी व्रत पाळणाऱ्याचं काय होतं, हे गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. गाई-म्हशींचं दूध काढताना त्यांच्यावर होणारी क्रूरता हे त्याचं एक मोठं कारण होतं. पुढे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या धावपळीनंतर आमांशाने त्यांना अंथरुणाला खिळवलं. हवापालटासाठी ते माथेरानला गेले, तिथलं पाणी मानवलं नाही म्हणून मुंबईला परतले. १९१९ च्या सुरुवातीला डॉ. दलालांनी बजावलं, की दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभं राहणार नाही. कस्तुरबांनी बकरीच्या दुधाचा मार्ग सुचवला आणि गांधीजींनी तो पत्करला. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, म्हणून शब्द पाळला गेला. पण व्रताचा आत्मा आपण मोडला, ही टोचणी त्यांच्या आत्मकथेत स्पष्ट आहे. त्याच आत्मकथेत ते जाणकारांना विनवतात, की दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ कुणाला पुस्तकातून नव्हे, अनुभवातून ठाऊक असेल तर मला कळवा.

निग्रहात गांधीजींची बरोबरी कोण करील? तरीही ते हरले. शरीराचं शास्त्र, पर्यायी अन्न आणि आधी या वाटेने गेलेल्या माणसांचा अनुभव त्यांच्या हाताशी नव्हता. हे तिन्ही एकट्या माणसाला जमवता येत नाही. म्हणून संस्था लागते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे मोजके सहकारी लंडनमध्ये जमले ते याच गरजेपोटी. दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना शाकाहारी संस्थेच्या मासिकात वेगळी जागा हवी होती, ती नाकारली गेली. तेव्हा त्यांनी स्वतःचं पत्रक काढलं. पहिले वर्गणीदार होते पंचवीस. वॉटसन शाळेत सुतारकाम शिकवत. महायुद्ध चालू होतं, अन्न रेशनवर मिळत होतं. ही चळवळ म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असं म्हणणाऱ्यांनी हे साल आणि हा माणूस विसरू नये. आज महागड्या दुकानांत बदामाचं दूध विकलं जातं, हा बाजाराचा प्रताप आहे. मूळ आहार डाळी, धान्यं आणि भाज्यांचाच होता आणि आहे.

संस्थेची खरी कसोटी लागली ती बी-१२ या जीवनसत्त्वाच्या बाबतीत. ते वेगळं काढता आलं १९४८ साली, म्हणजे संस्था स्थापन झाली तेव्हा त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. फ्रँक वोक्स आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या व्हीगन लोकांत त्याच्या अभावाची लक्षणं नोंदवली गेली. जीभ सोलवटणं, हातापायांना मुंग्या येणं, मज्जातंतूंवर परिणाम होणं अशी ही लक्षणं असतात. निसर्गाच्या नावाने चालणाऱ्या चळवळीला अशा वेळी डोळे मिटून घेण्याचा मोह होतो. ‘शुद्ध आहाराला गोळीची गरज नाही’ असं म्हणणं अनुयायांना आवडतं. या संस्थेचा आजचा सल्ला त्याच्या नेमका उलट आणि रोखठोक आहे. बी-१२ जिवाणू तयार करतात, भाजीपाल्यातून ते भरवशाने मिळत नाही. म्हणून ते मिसळलेल्या पदार्थांतून रोज किमान तीन मायक्रोग्रॅम घ्या, किंवा रोज दहा मायक्रोग्रॅमची गोळी घ्या, किंवा आठवड्यातून दोन हजार मायक्रोग्रॅम घ्या. दुधाच्या पर्यायासाठीही तिच्याच लोकांनी खस्ता खाल्ल्या. लेस्ली क्रॉस, आर्थर लिंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी १९५६ पासून वनस्पतिजन्य दुधाच्या मागे लागून १९६५ साली सोयाचं दूध बाजारात आणलं. गांधीजींनी मागितलेलं उत्तर द्यायला इतकी वर्षं आणि इतके हात लागले.

आता शिक्के विकण्याच्या आरोपाकडे वळतो, कारण तो सर्वांत जोरदार आहे. सूर्यफुलाची खूण १९९० साली सुरू झाली आणि तिच्या शुल्कातून संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा येतो, हे खरं आहे. मांसही विकणाऱ्या कंपनीच्या एखाद्या व्हीगन मालावर ही खूण दिसते, हेही खरं. पण खूण त्या एका पदार्थाची ग्वाही देते: त्यात प्राणिजन्य घटक नाही आणि त्यासाठी प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. कंपनीच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र तिने कधीच दिलेलं नाही. मांस विकणाऱ्या प्रत्येक दुकानाशी संबंध तोडायचा ठरवला, तर छोट्या गावात राहणाऱ्या व्हीगन माणसाने खायचं काय?

इथे तक्रारकर्त्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. पाकिटावर व्हीगन खूण आणि शेजारीच ‘दुधाचे अंश असू शकतात’ असा इशारा, हे अनेकांना फसवणुकीसारखं वाटतं. खूण सांगते की दूध मुद्दाम घातलेलं नाही. इशारा सांगतो की त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थ बनतात, चुकून अंश उतरू शकतो. आपली खूण म्हणजे ॲलर्जीपासून सुरक्षिततेची हमी नव्हे, हे संस्था सांगते. पण दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाची आई संस्थेचे नियम वाचायला जात नाही, ती पाकीट पाहते. शुल्क घेणाऱ्या संस्थेने हा फरक पाकिटावरच ठळकपणे छापायला लावला पाहिजे. यात जिवाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या बाजूने कट्टर मंडळी म्हणतात, संस्था फार सैल आहे. तिच्या व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ ही सवलत आहे आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडू नका असंही ती सांगते, मग कॅप्सूलमध्ये जिलेटीन असो की गोळीत लॅक्टोज. या सवलतीला ढिलाई म्हणणाऱ्यांनी माथेरानहून परतलेल्या त्या आजारी माणसाला पुन्हा आठवावं. आजाऱ्याला अपराधी ठरवणारं तत्त्व प्राण्यांनाही वाचवत नाही, कारण ते पाळायला माणसं शिल्लक उरत नाहीत. मी तर त्या सवलतीला संस्थेचं सर्वांत मोठं शहाणपण मानतो.

जिथे बचाव करता येत नाही तिथे मी करणार नाही. २०२१ साली या संस्थेच्या काही विश्वस्तांनी वर्णभेदाचे आरोप करत राजीनामे दिले. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेतून जॉर्डी कासामित्जाना यांना २०१८ मध्ये काढण्यात आलं. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्या कंपन्यांत गुंतवला जातो, हे उघड केल्याबद्दल आपल्याला काढलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी खटला भरला, त्या संस्थेने आरोप नाकारला आणि शेवटी तडजोड झाली. त्या खटल्यातच, जानेवारी २०२० मध्ये, नैतिक व्हीगनवाद ही ब्रिटनच्या समानता कायद्याने संरक्षित अशी श्रद्धा असल्याचा निर्णय आला. मुक्या जनावराबद्दल कळवळा असणारे लोक शेजारच्या सहकाऱ्याशी न्यायानेच वागतील, असं गृहीत धरता येत नाही. उलट, आपला हेतू पवित्र आहे या खात्रीमुळे प्रश्न विचारणाराच द्रोही वाटू लागतो. आपल्याकडच्या सेवाभावी संस्थांतही हे घडताना आपण पाहतो. त्यावर उपाय म्हणजे सभासदांनी हिशेब मागणं, विश्वस्तांच्या निवडणुकीत मत देणं, तक्रारीची चौकशी बाहेरच्या माणसाकडून करून घेणं.

महाराष्ट्रात व्हीगन गट वाढत आहेत. २०२२ साली देशात व्हीगन अन्नासाठी वेगळे सरकारी नियमही आले. इथली जबाबदारी ब्रिटनपेक्षा जड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून आधीच दिसलं आहे, की दूध घेणाऱ्या समाजातही, गरोदर स्त्रियांतसुद्धा, बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे. अशा ठिकाणी ‘मातीतल्या न धुतलेल्या भाज्यांतून बी-१२ मिळतं’ असं सांगत फिरणं हा गुन्हा आहे, मग सांगणाऱ्याचं प्राण्यांवरचं प्रेम कितीही खरं असो. आणि आहाराच्या नावाने माणसांची सोवळी-ओवळी प्रतवारी करणाऱ्यांना या चळवळीत थारा देऊ नये. जातीच्या उतरंडीत मांसाहाऱ्याला खाली ढकलण्यासाठी करुणेचा वापर करणारे लोक प्राण्यांचे मित्र नाहीत.

म्हणून अशा एखाद्या संस्थेला देणगी द्यायची असेल किंवा तिच्यावर रागावून बाहेर पडायचं असेल, तर आधी तिच्याकडे जाऊन विचारा: नव्याने व्हीगन झालेल्या माणसाला बी-१२ बद्दल पहिल्याच दिवशी सांगता का? आजारी पडलेल्याशी कसं वागता? गेल्या वर्षीचे हिशेब कुठे पाहायला मिळतील? सोडून गेलेल्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं? उत्तरं समाधानकारक असतील तर पैसे द्या, वेळही द्या. नसतील, तर सभासद होऊन पुढच्या सर्वसाधारण सभेत हेच प्रश्न उभं राहून विचारा.