कलाकार आजारी पडल्यावरच आपल्याला आठवतो का?



असा मेसेज तुमच्याही मोबाईलवर आला असेल. एखादा कलाकार दवाखान्यात आहे, उपचाराचा खर्च झेपत नाही, आणि खाली क्यूआर कोड दिलेला असतो. चाहते शंभर-पाचशे रुपये पाठवतात. केटो, मिलाप यांसारख्या संकेतस्थळांमुळे हे काम सोपं झालं आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्याच्या कलेनं आपल्याला इतकी वर्षं आनंद दिला, त्याच्यावर हात पसरायची वेळ का येते, हा प्रश्न आपण विचारत नाही.

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचंच पाहा. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता. गावोगावच्या जत्रा त्यांनी गाजवल्या. पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या देणग्यांतून भागवावं लागलं. आज त्यांच्याच नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. २०२३ मध्ये कोपरगावच्या बसस्थानकात लावणी करणाऱ्या वृद्ध शांताबाई कोपरगावकर यांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि मग मदतीची चक्रं हलली. व्हिडिओ फिरला नसता तर?

आमच्या भिवंडीत हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. यंत्रमागावर जेवढं कापड विणलं तेवढी मजुरी. माग बंद तर मजुरी बंद. कलाकाराचंही तसंच असतं. सुपारी मिळाली तर पैसे. आजारपणात सुट्टीचा पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. प्रसिद्धी मोठी दिसते, पण ती काही बँकेत जमा होत नसते. वर्गातली मुलं ज्यांचे व्हिडिओ बघतात, त्या यूट्यूबवरच्या कलाकारांचंही वेगळं नाही. नवा व्हिडिओ थांबला की कमाईही आटत जाते.

मग करायचं काय? मदत बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. मदत जरूर करा, पण डोळे उघडे ठेवून. मेसेज पुढे ढकलण्याआधी तो खरा आहे का ते पाहा. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जाणार की कुणा तिसऱ्याच्या, हे विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ज्येष्ठ कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. अनेकांना अर्ज कुठे करायचा हेच माहीत नसतं. एखाद्याचा अर्ज भरून देणं हीसुद्धा पाचशे रुपयांइतकीच मोठी मदत आहे.

आणि मुख्य म्हणजे, कलाकार धडधाकट असताना त्याचा मोबदला द्या. स्नेहसंमेलनाला पोवाडा गायला शाहीर बोलावला, की आपण नारळ आणि शाल देतो आणि मानधनाचं पाकीट मात्र विसरतो. मंडपवाल्याचे, स्पीकरवाल्याचे पैसे आपण चुकवत नाही. मग गाणाऱ्याचेच का? नाटकाचं तिकीट काढा, पुस्तक विकत घ्या, फुकटचा पास मागू नका. हे मुलांच्या डोळ्यांदेखत करा. 'परोपकार' या विषयावर निबंध लिहून घेण्यापेक्षा ते मुलांना लवकर कळेल.

दया आणि कदर यांतला फरक मुलांना शिकवायला हवा. दया आजारपणाची वाट बघते. कदर वेळेवर पैसे देते. या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या खर्चाच्या यादीत कलाकाराचं मानधन पहिल्या ओळीत लिहा. सुरुवात तिथूनच होईल.