चौथी बोअर

गेल्या शनिवारी आटपाडीहून दादाचा फोन. "चौथी बोअर मारतोय. पानाडी म्हणतोय, साडेपाचशे फुटावर पाणी हाय."

आधीच्या तिन्ही बोअरना पहिल्या दिवशी दोन इंच पाणी लागलं होतं, पेढेही वाटून झाले होते. आज त्यातली एक वीस मिनिटं चालते आणि दोन आकाशाकडे आ वासून बसल्या आहेत. कर्ज मात्र तिन्हींचं चालू आहे :)

मी नको म्हणालो. कारण जरा विचित्र आहे, तेलविहिरी!

झालंय असं, की आमच्या टीमकडे सध्या तेलसाठ्यांच्या सिम्युलेटरचं काम आहे. (पोरगं पुण्यात कॉम्प्युटरवर तेल काढतं, असं आईने गावात सांगून ठेवलंय. असो.) भेगाळलेल्या खडकात बहुधा भेगांत थोडंच तेल असतं, पण ते झटकन वाहतं. बाकीचं सगळं भेगांमधल्या घट्ट ठोकळ्यांच्या बारीक छिद्रांत. वॉरेन आणि रूट यांनी १९६३ साली मांडलेलं हे दोन कप्प्यांचं मॉडेल आजही वापरतात. उरलेलं तेल काढायला वायू सोडावा, तर तो भेगेतून सुसाट पळून दुसऱ्या विहिरीतून बाहेर! ठोकळे लहान आणि घट्ट असतील तर आत शिरायला मुख्य आधार विसरणाचा; न ढवळलेल्या पाण्यात शाईचा थेंब पसरतो तसा. वायू विरघळला की तेल फुगतं, पातळ होतं, भेगेकडे सरकतं. गोची एकच, अंतर दुप्पट तर वेळ चौपट. अगदी ढोबळ हिशोबाने दहा सेंटिमीटरला चारेक महिने, एक मीटरला तीसेक वर्षं.

आमच्या कोडमध्ये विसरण चालू-बंद करायची सोय आहे. बंद ठेवलं की रन लवकर संपतो, म्हणून ते बहुतेक वेळा बंदच असतं. माझा राग त्यावरच आहे. जे पळतं तेच आपण मोजतो.

आता आटपाडी. दगड तोच काळा. गुजरातेत पाद्र्याला याच डेक्कन ट्रॅपच्या भेगांतून तेल निघालंय, आमच्याकडे पाणी. फरक एवढाच, आणि तो आमच्या विरुद्ध जातो, की अखंड बेसाल्टच्या पोटात जवळपास काहीच नसतं. साठा मुख्यतः वरच्या मुरमात आणि झिजलेल्या थरात, खालच्या भेगा म्हणजे नुसते पाइप. मुरूम सावकाश झिरपणार आणि आमची मोटर पाच एचपीची. पहिल्या दिवसाचे दोन इंच हे पाइपाचं माप झालं, टाकीचं नव्हे. आणखी खोल जाऊन टाकी थोडीच मोठी होते?

टेंभूचं पाणी कृष्णेतून चढत तालुक्यात आलं, आमच्या रानापर्यंत अजून नाही. डाळिंब वाळताना दादाने काय करावं, हे मला एसीत बसून सांगणं सोपं आहे, कबूल. तरी माझं म्हणणं आहे, की बोअरचं कर्ज इंचावर देऊच नये. मोटर बंद केल्यावर पाणी किती वेळात किती चढतं ते आधी मोजावं, मग बोलावं.

दादा हसला. "आरं, पानाडी नारळावर भागवतो. तुझी टेस्ट कितीला?"

दोरी आणि दगड, म्हटलं.

रविवारी आण्णांनी चालू बोअरमध्ये दोरी सोडली. सकाळी सहाला मोटर बंद केली होती. दिवेलागणीपर्यंत पाणी अकरा फूट चढलं. बोअरची गाडी मंगळवारी येणार होती, ती दादाने पुढच्या आठवड्यावर ढकलली आहे.