समुपदेशक आपल्यातूनही घडावेत

वसतिगृहात आपली मुलगी खचते, तेव्हा समुपदेशकाला जात कशी छळते हे तिनेच आधी समजावून सांगावे लागते. म्हणून आपल्या मुलामुलींनी या शिक्षणात यावे, असे आम्हाला वाटते.

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करणे हा स्वस्त मार्ग होता. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून तो बंद केला. प्रत्यक्ष सरावाशिवाय कुणाच्या मनावर उपचार करू नयेत, हे आम्हालाही मान्य आहे. मग सरकारी विद्यापीठांनी कमी फीचे संध्याकाळचे वर्ग का काढू नयेत? ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

तोवर एम.एस.डब्ल्यू.चा विचार करा. त्यात वस्त्यांतले, रुग्णालयांतले क्षेत्रकार्य असते. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. फी भरण्याआधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासा.

यंदा जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक विहाराने एका विद्यार्थ्याची फी भरावी. डीजे एका रात्रीत थांबतो. शिकलेला समुपदेशक वस्तीला आयुष्यभर पुरतो.