वृत्तविश्लेषण : लक्षद्वीपचे वादळ आणि बेंगळुरूचे उपग्रह

बेंगळुरू – अरबी समुद्रात चक्रीवादळ निर्माण झाले की त्याची छायाचित्रे टिपणारे उपग्रह भारताचे असतात आणि त्यांतील बहुतेकांची बांधणी याच शहरात झालेली असते. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरूला वादळाची झळ अवकाळी पावसापलीकडे सहसा पोहोचत नाही. येथून सरळ अंतराने काहीशे किलोमीटर दूर, समुद्रात जेमतेम काही मीटर डोके वर काढून असलेल्या लक्षद्वीपच्या बेटांना मात्र तेच वादळ अंगावर घ्यावे लागते. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘ओखी’ चक्रीवादळाने उपग्रहाचा डोळा आणि बेटावरील माणसाचा कान यांमधील अंतर प्रथमच ठळकपणे समोर आणले. त्यानंतर देशाने बरेच काही केले आहे. ते पुरेसे आहे काय, हा प्रश्न प्रत्येक हंगामात नव्याने उभा राहतो.

लक्षद्वीप हा देशातील सर्वांत छोटा केंद्रशासित प्रदेश होय. ३६ बेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ६४ हजारांहून थोडी अधिक होती. मिनिकॉय हे यांतील दक्षिणेकडील शेवटचे बेट. कोचीपासून ते सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर आहे आणि उत्तरेकडील बेटांपासून त्याला ‘नाईन डिग्री चॅनल’ ही सुमारे २०० किलोमीटर रुंदीची सागरी वाहिनी वेगळे करते. पाच चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत येथे दहा हजारांवर लोक राहतात. बेटावर विमानतळ नाही. लक्षद्वीपमधील एकमेव विमानतळ दूरच्या अगत्ती बेटावर आहे.

चोवीस तासांत वादळ

ओखीचा घटनाक्रम पुन्हा तपासण्यासारखा आहे. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सकाळी श्रीलंकेजवळ तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. ३० नोव्हेंबरच्या सकाळी कन्याकुमारीलगतच्या समुद्रात त्याचे चक्रीवादळात रूपांतर झाले. म्हणजे केवळ चोवीस तासांत, तेही किनाऱ्याच्या अगदी जवळ, वादळ जन्माला आले. दुसऱ्या दिवशी ते मिनिकॉय आणि कल्पेनी या बेटांच्या परिसरातून पुढे सरकले. वीज आणि दळणवळण कोलमडले, नारळीची झाडे उन्मळून पडली, घरांचे व नौकांचे नुकसान झाले. २ डिसेंबरच्या सुमारास वाऱ्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरवर गेला. त्यानंतर वादळ उत्तरेकडे वळले, क्षीण होत गेले आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर केवळ कमी दाबाच्या क्षेत्राच्या रूपाने पोहोचले.

केरळ आणि तामिळनाडूतील जे मच्छीमार त्या वेळी खोल समुद्रात होते, त्यांच्यावर सर्वांत मोठा आघात झाला. मृत आणि बेपत्ता यांची संख्या दोनशेहून अधिक होती. नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाने शोधमोहीम राबविली. अनेक नौकांना याच लक्षद्वीपच्या बेटांनी आसरा दिला, तर काही थेट आपल्या सिंधुदुर्गापर्यंत वाहत किंवा वाट काढत आल्या. केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ अशा ६८ नौकांमधून ९५२ मच्छीमार सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सुखरूप पोहोचल्याची माहिती तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिली होती. देवगड बंदराने त्या दिवसांत परप्रांतीय नौकांची जी गर्दी पाहिली, तिच्यामागे हे वादळ होते.

इशारा मिळाला होता की नव्हता, यावरून पुढे मोठा वाद झाला. वादळाची स्पष्ट सूचना ३० नोव्हेंबरच्या दुपारी आल्याचे केरळ सरकारचे म्हणणे होते. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा सल्ला २९ तारखेपासूनच दिला जात होता, असे हवामान खात्याने सांगितले. कागदोपत्री पाहता दोन्ही विधानांत तथ्य आहे. अडचण नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे.

हवामान खात्याच्या परिभाषेत वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेपर्यंत ‘डिप्रेशन’, ६१ पर्यंत ‘डीप डिप्रेशन’ आणि ६२ च्या पुढे ‘चक्रीवादळ’ असे म्हटले जाते. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने या एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत. प्रशासनाच्या दृष्टीने ‘चक्रीवादळ’ हा शब्द उच्चारला गेल्यावरच यंत्रणा खऱ्या अर्थाने हलते. बातम्यांचे भाषांतर करणाऱ्यांना हा फरक रोज जाणवतो. ‘कमी दाबाचे क्षेत्र’ हे शब्द मराठी वाचक वर्षातून वीस वेळा ऐकतो आणि पाऊस येणार एवढाच त्यांचा अर्थ घेतो. मल्याळम किंवा तमिळ बोलणारा मच्छीमार याहून वेगळे काय समजणार? पहिला इशारा प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या ७२ तास आधी, दुसरा ४८ तास आधी आणि तिसरा २४ तास आधी, अशी खात्याची टप्पेवार पद्धत आहे. जे वादळ एका दिवसातच तयार होते, त्याच्यापुढे हे टप्पे एकमेकांवर कोसळतात. शिवाय तो इशारा निघाला तेव्हा शेकडो नौका बंदर सोडून कित्येक दिवस झालेले होते. भ्रमणध्वनीची कक्षा किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपुढे जात नाही.

मागे हटण्यास जागा नसलेली भूमी

चक्रीवादळांच्या बाबतीत भारताने मिळविलेले यश जगाने मान्य केले आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळाच्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. या यशाचे गमक सोपे आहे. इशारा वेळेवर द्यायचा आणि लोकांना किनाऱ्यापासून आत न्यायचे.

मिनिकॉयवर ‘आत’ नावाची जागाच नाही. बेटाच्या कोणत्याही कोपऱ्यातून चालत निघाले तरी थोड्याच वेळात समुद्र लागतो. नौकेची अवस्था तर त्याहून बिकट. म्हणजे ज्या पद्धतीवर देशाचे यश उभे आहे, ती पद्धत बेटाला आणि नौकेला जशीच्या तशी लागू पडत नाही. बेटवासीयाला दूर जाता येत नाही, त्यामुळे त्याला आहे त्याच जागी सुरक्षित छत लागते. मच्छीमाराला छत मिळू शकत नाही, त्यामुळे त्याला लवकर परतण्याइतका वेळ लागतो.

बेटांवरील धोक्याचे स्वरूपही निराळे आहे. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडील किनारा उथळ असल्याने तेथे वादळासोबत समुद्राची पातळी भिंतीसारखी चढते. प्रवाळबेटांच्या सभोवती समुद्र एकदम खोल होतो. त्यामुळे पाण्याचा तसा फुगवटा कमी असतो, परंतु उंच लाटा जवळजवळ पूर्ण ताकदीनिशी प्रवाळकड्यावर येऊन आदळतात. त्या जेथे कडा ओलांडतात तेथे घरांबरोबर पिण्याचे पाणीही धोक्यात येते. या बेटांवर नद्या नाहीत. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हीच तेथील विहीर. समुद्र एकदा आत शिरला की वादळ ओसरल्यावरही तो थर दीर्घकाळ खारट राहू शकतो.

याचा पुरावा कल्पेनी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आजही दिसतो. १८४७ च्या प्रलयंकारी वादळात समुद्राने वर फेकलेल्या प्रवाळदगडांचा मोठा बांध तेथे आहे. त्या वादळाचा तडाखा अंद्रोत आणि किल्तान या बेटांनाही बसला होता. अलीकडच्या काळात, मे २००४ मध्ये, अमिनी बेटावर एका दिवसात ११६ सेंटीमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. अशा घटना विरळा असल्या तरी अशक्य नाहीत, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पॅसिफिक महासागरातील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरावे. तेथे अशा वादळांना ‘टायफून’ म्हणतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘युटू’ नावाचे अतितीव्र टायफून उत्तर मारियाना द्वीपसमूहातील तिनियन या छोट्या बेटावरून आणि शेजारच्या सायपान बेटाच्या दक्षिण भागावरून गेले. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास होता. घरांची अपरिमित हानी झाली, मात्र मनुष्यहानी अत्यल्प राहिली. जे बेट सोडून जाऊ शकत नव्हते, त्यांनी काँक्रीटच्या पक्क्या इमारतींचा आश्रय घेतला होता. लहान बेटाला वाचविणारी गोष्ट कोणती, याचे उत्तर त्यात आहे.

बेंगळुरूपासून नौकेपर्यंत

ओखीच्या वेळी उपग्रहांची उणीव नव्हती. २०१३ मध्ये सोडलेला ‘इन्सॅट-३डी’ आणि २०१६ मधील ‘इन्सॅट-३डीआर’ मिळून सुमारे दर पंधरा मिनिटांनी ढगांचे चित्र पाठवू शकत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रक्षेपित झालेला ‘स्कॅटसॅट-१’ सागरी वाऱ्यांचा वेग आणि दिशा मोजत होता. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘ओशनसॅट-३’ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इन्सॅट-३डीएस’ हे उपग्रह अवकाशात गेले. पाहण्याची क्षमता सतत वाढत आहे.

पोहोचविण्याच्या दिशेने जी पावले पडली, ती मुख्यतः ओखीनंतरची आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे चक्रीवादळ इशारा केंद्र सुरू झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ या यंत्राचे लोकार्पण झाले. विमानांच्या मार्गदर्शनासाठी उभारलेल्या ‘गगन’ प्रणालीद्वारे, जिचे नियंत्रण केंद्र बेंगळुरूच्या कुंडलहळ्ळी भागात आहे, खोल समुद्रातील नौकेवर इशारा पाठविण्याची सोय यात करण्यात आली. हैदराबादच्या राष्ट्रीय सागरी माहिती सेवा केंद्राने पुढाकार घेतलेले हे छोटे यंत्र बेंगळुरूच्याच एका कंपनीने घडविले. तांडेलाच्या भ्रमणध्वनीवर त्याच्या भाषेत संदेश उमटतो, हा त्याचा गुण. उलट उत्तर पाठविता येत नाही, ही त्याची मर्यादा. ही मर्यादा दूर करणारी दुहेरी संपर्काची यंत्रे इस्रोने पुढे विकसित केली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देशव्यापी नौका संपर्क योजनेचा प्रारंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. बेटांच्या बाजूने पाहता, कोचीपासून समुद्राच्या तळातून टाकलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. तोपर्यंत लक्षद्वीपचा बाह्य जगाशी संपर्क उपग्रहांवर विसंबून होता.

तथापि यंत्र पोहोचले म्हणजे जीव वाचला असे होत नाही, हे मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाने दाखविले. हेही वादळ लक्षद्वीपच्या परिसरातच आकाराला आले. या वेळी पूर्वसूचना पुरेशी आधी आणि स्पष्ट शब्दांत मिळाली होती. तरीही मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात असलेला ‘पी-३०५’ हा तराफा २६१ जणांसह समुद्रातच राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाने उसळत्या समुद्रातून अनेकांना वाचविले, परंतु ७० हून अधिक जण दगावले. ओखीच्या वेळी इशारा माणसापर्यंत उशिरा पोहोचला. तौक्तेच्या वेळी तो पोहोचूनही माणसे जागची हलली नाहीत.

शेवटचा टप्पा भाषेचा आणि विश्वासाचा आहे. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांवर मल्याळमशी जवळीक असलेली बोली चालते; मिनिकॉयची भाषा मात्र ‘महल’, म्हणजे मालदीवच्या दिवेही भाषेचे रूप. इंग्रजी आणि मल्याळम पत्रकांनी तेथील कार्यालयांचे काम भागते, परंतु प्रत्येक घराला उद्देशून बोलायचे तर ते महलमध्येच बोलावे लागेल. या बेटावर अकरा वस्त्या असून प्रत्येकीचा ‘बोडुकाका’ नावाचा प्रमुख निवडला जातो. कोणाचे घर कच्चे आहे, कोणाची नौका अजून परतलेली नाही, हे त्याला ठाऊक असते. अशा रचनेला इशारा यंत्रणेत औपचारिक स्थान देण्यास फार मोठा खर्च येणार नाही.

काळ मात्र फारसा हातात नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढला. समुद्राच्या वाढत्या तापमानामुळे वादळे ओखीसारखी झपाट्याने तीव्र होण्याची शक्यताही वाढते. २०१९ च्या अखेरीस ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे या समुद्रात एकाच वेळी घोंघावत होती व त्यांपैकी ‘महा’ लक्षद्वीपवरूनच गेले होते.

त्यामुळे पुढील वादळाच्या वेळी उपग्रहाने ते केव्हा पाहिले, हा प्रश्न दुय्यम ठरेल. मिनिकॉयच्या प्रत्येक वस्तीत वादळ झेलू शकेल अशी पक्की इमारत आहे काय, खोल समुद्रातील नौकेला परतण्याइतका अवधी मिळाला काय आणि इशाऱ्याची भाषा ऐकणाऱ्याची होती काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर यशापयश मोजावे लागेल. बेंगळुरूत तयार होणाऱ्या उपग्रहांचे मोलही अखेर याच मोजमापाने ठरणार आहे.