भोक बोटाएवढं, ठिगळ तळहाताएवढं

वैरागचा मुलगा होडीवर लेख लिहितोय म्हटल्यावर आमची अख्खी विंग हसली. साहजिक आहे. आमच्याकडे ज्वारी आणि तूर, होडी कुठली! पण आमच्याच सोलापूर जिल्ह्यात उजनी आहे. तिच्या बॅकवॉटरमधून करमाळ्याकडची माणसं इंदापूरकडे होडीने ये-जा करतात, मासेमारी तर आहेच. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. ते वाऱ्यामुळे झालं, भोकामुळे नाही. पण तिथे होडीवर माणसं किती विसंबून आहेत ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

फायबरच्या होडीला दगड लागून लहानसं भोक पडलं, की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एम-सील दाबा, वरून रंग मारा. पाणी थांबतं. आणि पाणी थांबतं म्हणूनच मला हा उपाय फसवा वाटतो. फायबरची ताकद काचेच्या धाग्यांत असते, रेझिन त्यांना धरून ठेवतं. पुटीत तसले लांब धागेच नाहीत! भोक बुजतं, पण तुटलेले धागे तुटलेलेच राहतात. पुढच्या दणक्याला ती गोळी निघून येऊ शकते. शिवाय नंतर त्यावर पॉलिएस्टर रेझिन लावलं तर एपॉक्सीच्या पुटीवर ते नीट धरत नाही.

खरी दुरुस्ती ऐकायला उलटी वाटते, कारण आधी भोक मोठं करायचं असतं. सैल झालेले थर काढायचे, आतला ओलावा पूर्ण वाळवायचा, मग कडा घासून १:१२ चा उतार द्यायचा. तळ ३ मिमी जाड असेल तर प्रत्येक बाजूला ३६ मिमी. म्हणजे ५ मिमीच्या भोकाला ७७ मिमीचं ठिगळ! जुन्या फायबरवर नवं रेझिन मुख्यतः खरवडलेल्या पृष्ठभागालाच पकडून बसतं, म्हणून जागा जास्त लागते. अ‍ॅसिटोनने पुसून ४५० ग्रॅमच्या मॅटचे साधारण तीन थर, वर जेलकोट. हार्डनर १ ते २ टक्के. आपल्या उन्हाळ्यात रेझिन मगातच घट्ट होतं, तेव्हा सकाळी लवकर थोडं थोडं कालवावं. हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेण्याचा मोह मात्र नको, रेझिन कच्चं राहतं.

आता आपल्याबद्दल. कंपोझिटवर प्रश्न आला की आपण विमानाचा पंख काढून मार्क्स घेतो. वर्कशॉपमध्ये लाकडाचा डोव्हटेल अजून घासतो (सुतारांनी माफ करावं). त्या जॉब्जमध्ये एक फायबरचं ठिगळ का नसावं? भोक पाडलेला एक पत्रा प्रत्येकाला द्या, दुरुस्त करून घ्या आणि मग टेस्टिंग लॅबमध्ये तोडून बघा. पुटीवाला आणि मॅटवाला, दोन्ही तोडा. सरांनी मनावर घेतलं तर पुढच्या सेमिस्टरलाच होईल.

फक्त कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडू शकतो. आणि होस्टेलच्या रूमवर तर अजिबात नको. काचेची पावडर गादीत गेली की महिनाभर खाजवत बसाल!